अजाणता पंक्तिप्रपंच

सरकारी अहवालाची वाङ्मयांत गणना करण्याची आपल्याकडे रीत नाहीं, आणि बहुतेक अहवाल पाहतां ती रीत मोडावी असें कोणास वाटण्याचें कारणहि नाहीं. तथापि क्वचित् एखादा अहवाल असा निघतो कीं, त्यांतील एक शब्द सबंध राष्ट्राच्या तोंडीं बसतो, त्याच्यावरून कायदे बदलतात, भांडणें होतात, आणि पंचवीस वर्षें लोटलीं तरी त्या शब्दाचा नेमका अर्थ काय हा वाद मिटत नाहीं. सर विल्यम मॅक्फर्सन या निवृत्त न्यायाधीशांनीं लंडनच्या पोलीस खात्याविषयीं लिहिलेला व २४ फेब्रुवारी १९९९ रोजीं प्रसिद्ध झालेला अहवाल हा अशांपैकीं होय. पोलिसांनीं आपल्या हद्दींतील सर्व माणसांशीं सारखेपणानें कसें वागावें, या प्रश्नाचा एका खुनाच्या हकीकतींतून इतक्या तपशिलानें उलगडा करणारा दुसरा ग्रंथ आमच्या पाहण्यांत नाहीं. त्याची स्तुति पुष्कळांनीं केली आहे व निंदाहि पुष्कळांनीं केली आहे. येथें त्याकडे एक गद्यग्रंथ म्हणून पाहण्याचें योजिलें आहे; कारण आमच्या मतें त्याचें बळ व त्याचें वैगुण्य हीं दोन्ही त्याच्या भाषेंत आहेत, आणि त्यांतहि विशेषेंकरून एका विशेषणांत आहेत.

हकीकत थोडक्यांत अशी. २२ एप्रिल १९९३ च्या रात्रीं साडेदहाच्या सुमारास आग्नेय लंडनमधील एल्टम या भागांत स्टीफन लॉरेन्स नांवाचा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय विद्यार्थी ड्वेन ब्रुक्स या आपल्या मित्रासह बसची वाट पाहत होता. गोऱ्या तरुणांचें एक टोळकें रस्ता ओलांडून आलें; त्यांतील एकानें वर्णावरून शिवी दिली, आणि क्षणार्धांत स्टीफनवर सुरीचे दोन वार झाले. त्या स्थितींत तो शंभर यार्डांहून अधिक धांवला आणि कोसळला. टोळक्यांतील तरुणांचीं नांवें दुसऱ्या दिवसापासूनच पोलिसांकडे येऊं लागलीं. कोणी निनांवी पत्र लिहून ठेवलें, कोणी ठाण्यावर येऊन सांगितलें. अटक मात्र ७ मे उजाडेपर्यंत झाली नाहीं. त्याच्या आदल्याच दिवशीं नेल्सन मंडेला यांनीं लंडनमध्यें लॉरेन्स दांपत्याची भेट घेतली होती. या दोन तारखांचा संबंध वाचकानें आपल्या मनाशीं लावावा. सरकारी खटला उभा राहिला नाहीं. आईबापांनीं स्वतः होऊन चालविलेला खटला १९९६ त फसला. पुढें १९९७ त मृत्यूच्या चौकशीसाठीं बसलेल्या पंचांनीं, पांच गोऱ्या तरुणांनीं कांहींहि कुरापत नसतां वर्णद्वेषानें हा खून केला असा निर्णय दिला, आणि त्याच वर्षीं जुलै महिन्यांत गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनीं ही चौकशी नेमली.

या हकीकतीचें कथन हाच अहवालाचा उत्कृष्ट भाग होय. न्यायाधीशाचें गद्य सामान्यतः निष्कर्षाकडे धांव घेतें. येथें तें पावलोपावलीं थांबतें. मुलगा रस्त्याच्या कडेला पडला आहे. पोलीस एकामागून एक येतात. पण श्वास चालतो कीं नाहीं व नाडी लागते कीं नाहीं एवढें पाहण्यापलीकडे, रक्त कोठून वाहतें आहे हें शोधण्याचें व तें थांबविण्याचें त्यांच्यापैकीं कोणास सुचत नाहीं. उपचार झाले असते तरी तो वांचला नसता असें वैद्यांचें मत पडलें, आणि अहवाल तें लपवीत नाहीं. किंबहुना तें सांगून टाकल्यामुळेंच पुढील दोषारोपास वजन येतें, कारण प्रश्न मुलगा वांचला असता काय हा नसून, तो वांचावा म्हणून कोणीं हात हलविला काय, हा राहतो. त्या मुलाजवळ बसून त्याला धीर दिला तो प्रार्थना आटोपून घरीं परतणाऱ्या एका दांपत्यानें. त्यांतील पतीनें चौकशीपुढें सांगितलें कीं, घरीं गेल्यावर हातांस लागलेलें रक्त आपण पाण्यानें धुतलें आणि तें पाणी परसांतील जुन्या गुलाबाच्या बुंध्याशीं ओतलें. कायद्याच्या दृष्टीनें ही साक्ष निरुपयोगी आहे. परंतु त्या रात्रीं त्या रस्त्यावर एक मनुष्य दुसऱ्याकडे कोणत्या नजरेनें पाहूं शकत होता, याचें माप तिनें वाचकाच्या हातीं दिलें आहे, आणि पोलिसांचें वर्तन तो त्या मापानेंच मोजूं लागतो.

ड्वेन ब्रुक्सविषयींचा भाग याहूनहि बोलका आहे. हा मुलगा स्वतः हल्ल्यांत सांपडलेला. मित्र डोळ्यांदेखत मरत असलेला. तो ओरडत होता, येरझारा घालीत होता, पोलिसांवर संतापत होता. पोलिसांनीं त्याच्याकडे पाहिलें तें भांडखोर कृष्णवर्णीय पोर म्हणून. हल्लेखोर कसे होते, कोणत्या बाजूस पळाले, हें सांगूं शकणारा तेथें तोच एक मनुष्य होता, आणि नेमकें त्यालाच बाजूस सारलें गेलें. म्हणजे येथें अन्याय व गलथानपणा हीं दोन निराळीं पापें नसून एकच आहेत. ज्याच्यावर विश्वास ठेवावयाचा नाहीं असें आधींच ठरलें होतें, त्याच्यापाशींच तपासाची किल्ली होती. तसाच तो कागदाचा प्रसंग. संशयितांचीं नांवें लिहिलेला कागद आईनें एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हातीं दिला. बोलतां बोलतां तो त्या कागदाच्या घड्या घालीत राहिला, इतक्या कीं, आतां हा टोपलींतच जाणार असें तिला वाटलें. त्या अधिकाऱ्याच्या मनांत काय होतें हें ईश्वर जाणे. अहवालाचें म्हणणें एवढेंच कीं, नुकताच पुत्र गमावलेल्या बाईसमोर तें करणें हें असंवेदनशील वर्तन होय. मनांतलें मनांत ठेवून हातानें काय केलें तेवढेंच पाहण्याची ही शिस्त अहवालानें शेवटपर्यंत पाळली असती, तर आमची तक्रार उरली नसती.

तक्रार आहे ती सहाव्या प्रकरणाविषयीं. तेथें ‘संस्थेंत मुरलेला वर्णभेद’ या कल्पनेची प्रसिद्ध व्याख्या येते. वर्ण, संस्कृति किंवा मूळ वंश यांमुळें लोकांस योग्य व व्यवसायास साजेशी सेवा देण्यांत एखाद्या संस्थेस समुदायशः आलेलें अपयश, असा तिचा पूर्वार्ध आहे, आणि तो निर्दोष आहे. उत्तरार्धांत हें अपयश कशांतून उद्भवतें तें सांगितलें आहे: अजाणता बाळगलेला पूर्वग्रह, अज्ञान, अविचार, आणि ठराविक सांच्यांत घालून माणसें पाहण्याची वर्णभेदी खोड. या चौघांत सारखेपणा कोणता? अज्ञान हें शिकवून जातें. अविचार दटावून जातो. पूर्वग्रह दोहोंनींहि जात नाहीं. चार निरनिराळ्या रोगांस एका पुडींत बांधून त्यांवर ‘अजाणता’ अशी चिठ्ठी चिकटविली आहे. इंग्रजींतील ‘अनविटिंग’ हा शब्द मोठा सभ्य आहे, आणि सभ्य शब्दाचा धोका हा कीं, तो ऐकणाऱ्यास एकाच वेळीं दुखावतो व सोडूनहि देतो. तसेंच येथें झालें. सामान्य शिपायास वाटलें, आपणांस सरसकट वर्णद्वेष्टे म्हटलें. वरिष्ठांनीं म्हटलें, अजाणता घडलेंल्याचा दोष कोणा एकाच्या माथीं कसा मारावा?

हा शब्द मॅक्फर्सन यांच्या पदरचा नव्हे, हें येथें सांगितलें पाहिजे. १९८१ च्या एप्रिल महिन्यांत दक्षिण लंडनमधील ब्रिक्स्टन येथें तीन दिवस दंगल झाली. तत्पूर्वीं ‘स्वॅम्प ८१’ या नांवाच्या मोहिमेंत साध्या वेषांतील पोलिसांनीं कांहीं दिवसांत ९४३ माणसांस रस्त्यांत थांबविलें होतें. त्यांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते, आणि अटक झाली ती ११८ जणांस. या दंगलीची चौकशी लॉर्ड स्कार्मन यांनीं केली. स्कार्मन यांचें गद्य मॅक्फर्सन यांच्याहून पुष्कळ सुबक आहे. कायद्याची अंमलबजावणी व सार्वजनिक शांतता यांचा विरोध आला तर पोलिसानें शांततेस प्राधान्य द्यावें, हें त्यांचें सूत्र आजहि वाचण्यासारखें आहे. परंतु संस्थेंतील वर्णभेदाचा प्रश्न आला तेव्हां त्यांनीं शब्दाची फोड अशी केली: हेतुपूर्वक, धोरण म्हणून केलेला भेदभाव म्हणाल, तर तो ब्रिटनमध्यें नाहीं, अजाणता पडलेल्या भेदभावी वहिवाटी म्हणाल, तर तो आरोप गंभीरपणें विचारांत घेण्याजोगा आहे. अर्थात् स्कार्मन यांच्या हातीं ‘अजाणता’ हा शब्द कुंपणासारखा होता; त्याच्या आंत संस्थेची अब्रू सुरक्षित राहिली. अठरा वर्षांनीं मॅक्फर्सन यांनीं तेंच कुंपण उचलून पुढें नेलें व अजाणता घडलेलें सर्व त्या कलंकित नांवाच्या आंत घेतलें. शब्द एक, पण एकानें त्याचा ढाल म्हणून उपयोग केला व दुसऱ्यानें तलवार म्हणून. आणि तलवार म्हणून तो बोथट निघाला यांत नवल नाहीं.

मराठींत या कल्पनेस ‘संस्थात्मक वर्णद्वेष’ असें म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हें भाषांतर सर्वस्वीं दिशाभूल करणारें आहे. द्वेष हा मनाचा विकार. त्याला हेतु लागतो, द्वेष करणारा लागतो. आपल्या भाषेंत या गोष्टीस एक अस्सल घरगुती शब्द पूर्वींपासून आहे, तो म्हणजे पंक्तिप्रपंच. पंगतींत वाढप्याच्या मनांत शेवटच्या पानावर बसलेल्याविषयीं द्वेष असतोच असें नाहीं. बहुधा तो त्यास ओळखीतहि नाहीं. तो फक्त रोज एकाच बाजूनें वाढावयास लागतो, ओळखीच्या पानावर त्याचा हात सैल सुटतो, आणि शेवटच्या पानापर्यंत येईतों तूप संपतें. जेवणारास कळतें; वाढप्यास कळत नाहीं; यजमान तर माजघरांतच असतो. या दृष्टीनें पाहिलें म्हणजे अहवालावरील एका मोठ्या आक्षेपाचें उत्तर आपोआप मिळतें. आक्षेप असा कीं, या तपासांत ढिसाळपणा भरपूर होता हें खरें, पण ढिसाळपणाला वर्ण कोठचा? गोऱ्या मुलाचा खून झाला असता तरी हेच अधिकारी असेच चुकले नसते कशावरून? अहवालानेंहि व्यावसायिक नालायकी हा दोष वर्णभेदाच्या जोडीनें व त्याच्या आधींच नोंदविला आहे, आणि दोहोंची सांगड त्याला नीटशी घालतां आलेली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. परंतु सैंपाक कमी पडला म्हणजे तो सर्व पानांवर सारखा कमी पडत नसतो. टंचाई नेहमीं शेवटच्या पानावरच येते. ढिसाळपणाला वर्ण नसेल. पण तो ज्यांच्या वांट्यास येतो त्यांस आहे.

मग ‘अजाणता’ या शब्दाचें काय? आमच्या मतें हा शब्द एका मर्यादेपर्यंत खरा आहे, आणि ती मर्यादा अहवालानें आंखली नाहीं, हें त्याचें मुख्य वैगुण्य. शेवटच्या पानावरील मनुष्य जेथपर्यंत बोलला नाहीं तेथपर्यंत वाढपी अजाणता आहे. त्यानें एकदां सांगितल्यावर, आणि दुसऱ्या दिवशीं वाढप्यानें पुन्हां त्याच बाजूनें सुरुवात केल्यावर, त्यास अजाणता म्हणणें हें भाषेशीं लबाडी करणें होय. लॉरेन्स प्रकरणांत सांगण्यास काय कमी होतें? नांवें सांगितलीं गेलीं, आईबाप सांगत राहिले, ब्रुक्सनें खून वर्णावरून झाला हें पहिल्या रात्रींच सांगितलें. तरी तपासांतील कित्येक अधिकारी चौकशीपुढें उभे राहूनहि तें मान्य करण्यास तयार नव्हते. हें न जाणणें नव्हे; हें जाणण्यास नकार देणें आहे. आपल्या धर्मशास्त्रकारांनींहि अजाणता घडलेल्या पापास प्रायश्चित्त सांगितलें आहे व जाणून केलेल्याचा निराळा विचार केला आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत ही चर्चा आहे. त्या ग्रंथांतील इतर पंक्तिप्रपंच सर्वश्रुत आहे. तरी न जाणणें म्हणजे निर्दोष असणें नव्हे, एवढी गोष्ट त्यासहि सुचली होती.

आणि याच मुद्द्यावर जोतीराव फुले यांची आठवण होणें अपरिहार्य आहे. १८८३ त पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत त्यांनीं सरकारी खात्यांचें जें चित्र काढलें आहे, तें वस्तुतः याच रोगाचें आहे. सर्व कचेऱ्यांत एकाच जातीच्या कामगारांचा भरणा. त्यामुळें अडाणी शेतकऱ्याची फिर्याद त्याच्या तोंडापासून गोऱ्या अधिकाऱ्याच्या कानापर्यंत जातां जातां पार निराळी होऊन जाते. तो गोरा अधिकारी अजाणता होता असें म्हणतां येईल. फुले मात्र तसें म्हणून त्याला सोडीत नाहींत. ऐषआरामांत गुंग राहून खालीं काय चाललें आहे हें न पाहणें हाच त्यांच्या मतें त्याचा गुन्हा आहे. मॅक्फर्सन यांच्या सौजन्यपूर्ण वाक्यांत नसलेली धार या असुडाला आहे, ती याच कारणानें. व्याख्येंत ती धार असती, तर पुढील पुष्कळ गैरसमज टळले असते.

सुदैवानें अहवाल व्याख्येपाशीं संपत नाहीं. शेवटच्या प्रकरणांत ७० शिफारशी आहेत, आणि त्यांतील कित्येक रुक्ष वाक्यांत सहाव्या प्रकरणाहून अधिक शहाणपण आहे. पीडितास किंवा दुसऱ्या कोणासहि जी घटना वर्णभेदाची वाटेल ती तशी म्हणून नोंदली जावी, ही शिफारस पाहा. तिची टर पुष्कळ उडविली गेली. कोणीहि उठावें आणि आरोप करावा, असा तिचा अर्थ लावला गेला. परंतु ती नोंदीविषयीं आहे, निकालाविषयीं नव्हे. ठाणेदारानें आपलें मत फिर्यादीच्या आड उभें करूं नये, तपास तेथून सुरू करावा, एवढेंच तिचें म्हणणें. दुसरी शिफारस रस्त्यांत थांबविण्याविषयींची: ज्याला थांबविलें किंवा ज्याची झडती घेतली त्याची नोंद करावी, कारण लिहावें, आणि त्याची प्रत त्या मनुष्याच्या हातीं द्यावी. ही कागदाची चिठ्ठी आम्हांस त्या सबंध व्याख्येहून मोलाची वाटते. शिपायाच्या मनांत काय आहे तें ती विचारीत नाहीं. पण कारण लिहितांना त्याला तें स्वतःस विचारावें लागतें. महिन्याअखेर चिठ्ठ्या मोजल्या म्हणजे त्या कोणाच्या हातीं अधिक पडल्या तें वरिष्ठास दिसतें, आणि एकदां दिसल्यावर ‘आम्हांस ठाऊक नव्हतें’ असें म्हणण्याची सोय त्यास उरत नाहीं. पोलिसांस जाणते करण्याचा याहून स्वस्त उपाय कोणता असेल? परंतु नुसतें थांबवून विचारपूस केल्याची नोंद ठेवण्याची देशव्यापी सक्ती २०११ त काढून टाकण्यांत आली. कागदपत्रांचा बोजा फार होतो, हें कारण. झडतीची नोंद तेवढी राहिली.

आपल्या वाचकांस येथें मुंबईचा विचार सुचल्यावांचून राहणार नाहीं. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या दंगलींविषयींचा न्यायमूर्ति श्रीकृष्ण यांचा अहवाल फेब्रुवारी १९९८ त, म्हणजे मॅक्फर्सन यांच्या आधीं बरोबर एक वर्ष, सरकारास सादर झाला. त्याची रचना याच्या उलट आहे. पोलीस ठाण्यागणिक प्रसंग सांगत तो जातो, मुसलमान समाजाविषयीं पोलिसांत मुरलेला पूर्वग्रह होता असें स्पष्ट नोंदवितो, आणि दोषी वाटलेल्या ३१ पोलिसांचा निर्देश करतो. शिपायांचे कामाचे तास, त्यांच्या राहण्याच्या खोल्या यांकडेहि त्यानें लक्ष पुरविलें आहे, हें विशेष. तेथें ‘अजाणता’चा पडदा नाहीं. भाषा म्हणून आम्हांस श्रीकृष्ण यांचा अहवाल अधिक सरळ वाटतो. परंतु मॅक्फर्सन यांचा अहवाल प्रसिद्ध होतांच त्यावर पार्लमेंटांत व घरोघर चर्चा झाली. श्रीकृष्ण यांचा अहवाल विधिमंडळापुढें येण्यास ऑगस्ट उजाडला, आणि आला तो तत्कालीन सरकारनें त्याचे निष्कर्ष नाकारूनच. अहवालाचें वाङ्मयीन मूल्य व त्याचें दैव यांचा संबंध असतोच असें नाहीं.

इंग्लंडांतील दैव बरें होतें. २००० सालच्या कायद्यानें पोलीस खातें वर्णभेदविरोधी कायद्याच्या कक्षेंत आलें, आणि भेदभाव टाळण्याकडे व समान संधीकडे आपण होऊन लक्ष पुरविण्याचें कर्तव्य सरकारी संस्थांवर पडलें. २०१० च्या समानता कायद्यानें तें वर्णापुरतें न ठेवतां स्त्री-पुरुष, अपंग, वृद्ध, निरनिराळ्या धर्मांचे लोक अशा अनेकांपर्यंत विस्तारलें. एकदां सुटलेल्या आरोपीवर नवा सबळ पुरावा मिळाल्यास पुन्हां खटला चालवितां यावा, ही शिफारसहि २००३ च्या कायद्यांत उतरली, आणि जानेवारी २०१२ त स्टीफनच्या खुनाबद्दल दोघांस शिक्षा झाली. खुनास तेव्हां अठरा वर्षें होऊन गेलीं होतीं, म्हणजे स्टीफनचें जेवढें आयुष्य झालें तेवढीं.

शब्दाचें भांडण मात्र चालूच आहे. १९९८ त चौकशीपुढें पोलीस आयुक्त सर पॉल कॉन्डन यांनीं तें विशेषण आपल्या खात्यास लावून घेण्याचें नाकारलें होतें. लोक त्याचा विपरीत अर्थ घेतील, सर्वच पोलीस वर्णद्वेष्टे आहेत असें समजतील, हें त्यांचें कारण. अहवाल निघाल्यावर त्यांनीं व्याख्या पत्करली. मार्च २०२३ त बॅरोनेस केसी यांचा त्याच खात्यावरील नवा अहवाल आला. त्यांत तेंच विशेषण पुन्हां लावलें आहे, आणि स्त्रियांविषयींच्या व समलिंगी लोकांविषयींच्या वर्तनासहि लावलें आहे. आयुक्त सर मार्क राउली यांनीं त्यांतील निष्कर्ष स्वीकारले, खात्याच्या वतीनें क्षमा मागितली, आणि त्या विशेषणाचे अर्थ अनेक होतात व त्यास राजकारणाचा रंग आहे, म्हणून तें आपण वापरणार नाहीं असें सांगितलें. केसी यांच्या गद्यांत ‘अजाणता’ या शब्दावर फारसा भर नाहीं. त्यांचीं वाक्यें लहान आहेत आणि त्यांस शोभा कमी आहे. कृष्णवर्णीय लंडनवासीयांच्या वांट्यास पोलिसांची पाळत अधिक येते व संरक्षण कमी येतें, असें त्या सरळ लिहितात.